पिकलं नेपल्सला, विकलं जगभर! कामगाराचा पोर एन्रिको कारुसो कसा झाला जगातला मोठा गायक

पिकतं तिथं विकत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. इटलीचे गायक एन्रिको कारुसो यांच्या बाबतीत ते अगदी खरं ठरलं. ज्या गावात जन्मले, त्याच गावानं त्यांच्या गाण्याला नाक मुरडलं.

नेपल्स हे इटलीतलं समुद्रकाठचं शहर. तिथं २५ फेब्रुवारी १८७३ रोजी एका गरीब घरात कारुसो यांचा जन्म झाला. वडील मेकॅनिक. खाणारी तोंडं जास्त अन् पगार तुटपुंजा. पोरानंही कारखान्यातच काम करावं, असं वडिलांचं मत. म्हणून अकराव्या वर्षीच एन्रिकोला कामाला लावलं. रस्त्यावर बसवायची पाण्याची कारंजी तिथं बनायची. गाण्याचा नाद मात्र चर्चमध्ये लागला. आईनं तो जपला. पण एन्रिको १५ वर्षांचा असताना आई गेली. मग रस्त्यावर, हॉटेलांत गाऊन तो चार पैसे मिळवू लागला.

विसाव्या वर्षाच्या आसपास फौजेत भरती व्हावं लागलं. तिथल्या एका अधिकाऱ्यानं त्याचा गळा ओळखला. शेवटी त्याच्या जागी धाकटा भाऊ जिओव्हानी फौजेत गेला आणि एन्रिकोची सुटका झाली. भावाचे हे उपकार नसते, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

१५ मार्च १८९५ रोजी नेपल्समध्येच ते पहिल्यांदा ऑपेरात उभे राहिले. ऑपेरा म्हणजे जवळपास सगळं गाण्यातूनच चालणारं नाटक. तेव्हा माइक नव्हता. मोठ्या वाद्यवृंदाच्या वर आवाज काढून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचा. पुरुषांमधल्या उंच पट्टीच्या गायकाला टेनर म्हणतात, कारुसो त्यातले. सुरुवातीला वरच्या सुरांवर त्यांचा आवाज फाटायचा. मेहनतीनं त्यांनी तो बसवला. परिस्थिती मात्र तीच. त्या काळातल्या एका फोटोत ते अंगावर चादर घेऊन बसलेत. एकुलता एक शर्ट धुवायला टाकला होता, असं सांगतात.

१९०० साली मिलानच्या प्रसिद्ध ला स्काला नाट्यगृहात त्यांना संधी मिळाली. नाव झालं. पुढच्याच वर्षाअखेरीस ते मोठ्या उमेदीनं आपल्या गावच्या सान कार्लो नाट्यगृहात गायला आले. पण घरच्या लोकांनीच थंड प्रतिसाद दिला, पेपरवाल्यांनी टीका केली. कारुसो यांच्या ते मनाला लागलं. नेपल्सला पुन्हा गायचं नाही, असं त्यांनी ठरवलं आणि शेवटपर्यंत पाळलं.

गावानं दार लावलं, पण तबकडीनं जग उघडलं. ११ एप्रिल १९०२ रोजी मिलानच्या एका हॉटेलच्या खोलीत ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनी त्यांची दहा गाणी रेकॉर्ड केली. मानधन १०० पौंड. कर्ण्यासमोर उभं राहून गायचं आणि आवाजाच्या जोरावर मेणावर रेघ उमटायची. बारीक आवाज त्यात पकडला जात नसे. कारुसो यांचा भरदार गळा मात्र स्वच्छ उतरला. हेच गैसबर्ग त्याच वर्षाअखेरीस भारतात आले आणि कलकत्त्यात त्यांनी गौहर जान यांचं गाणं रेकॉर्ड केलं.

१९०३ पासून न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा हे कारुसो यांचं कर्मस्थान झालं. तिथं त्यांनी साडेआठशेहून अधिक प्रयोग केले. ज्यांनी ऑपेराचं नाट्यगृह कधी पाहिलंही नव्हतं, त्यांच्या घरात त्यांच्या तबकड्या वाजू लागल्या.

डिसेंबर १९२० मध्ये ब्रुकलिनला प्रयोग सुरू असताना त्यांच्या तोंडातून रक्त येऊ लागलं. तरी पहिला अंक संपेपर्यंत ते गात राहिले. २४ डिसेंबरला त्यांनी शेवटचा प्रयोग केला. छातीत पू झाला होता. तेव्हा अँटिबायोटिक औषधं नव्हती. एकामागून एक ऑपरेशनं झाली. जरा बरं वाटताच ते इटलीला परतले, पण दुखणं पुन्हा उलटलं. २ ऑगस्ट १९२१ रोजी नेपल्समध्येच, वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांनी प्राण सोडला. धाकटी मुलगी तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती.

अंत्यविधीसाठी इटलीच्या राजानं राजवाड्यासमोरचं मोठं चर्च उघडून दिलं. हजारोंची गर्दी लोटली. ज्या सान कार्लो नाट्यगृहात एकेकाळी त्यांच्यावर टीका झाली होती, ते तिथून हाकेच्या अंतरावर आहे.