नांगरवाले लक्ष्मणराव

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहा, असे आपल्या अध्यक्षबाईंनी सुचविले. संत आणि राण्या यांच्यावर आपल्या भगिनींनी पूर्वी पुष्कळ लिहिले आहे. म्हणून मी एका कारखानदाराचे चरित्र निवडले.

केज तालुक्यातील माझ्या माहेरी वाड्यात कडबा कापण्याचे हातयंत्र होते. १९७२ च्या दुष्काळात आजोबा त्यावर कडब्याची बारीक कुट्टी करीत आणि मापाने जनावरांपुढे टाकीत. अशी यंत्रे आपल्याकडे प्रथम करणाऱ्यांत लक्ष्मणराव किर्लोस्कर होते, हे मला फार उशिरा कळले.

लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेत मन रमेना. ओढा चित्रकलेकडे आणि यंत्रांकडे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते गेले. परंतु रंग ओळखण्यात दृष्टिदोष आढळला आणि रंगचित्रे सोडावी लागली. मग यांत्रिक रेखाचित्रे शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तेथे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावी आले. वडील बंधू रामूअण्णा यांच्याबरोबर त्यांचे सायकलींचे दुकान होतेच. त्याच ‘किर्लोस्कर बंधू’ या नावाने पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर तयार होऊ लागले.

नांगर झाला, पण घेणार कोण? लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली! दोन वर्षे म्हणजे किती दिवस, हे ज्या घरात पैसा अडकतो तेथील गृहिणीलाच विचारावे.

पुढे बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. त्या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. त्यांनी दहा हजार रुपये कर्ज दिले आणि कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला. माळ निवडुंगाने आणि सापांनी भरलेला. १० मार्च १९१० रोजी तेथे किर्लोस्करवाडी वसली. सुमारे पंचवीस कामगार बायकामुलांसह राहावयास आले. नुसता कारखाना उभारून भागणार नव्हते. घरे, पाणी, शाळा सारेच पाहावे लागले. लक्ष्मणरावांनी वाडीत अस्पृश्यतेला थारा दिला नाही, हे मला त्यांच्या यंत्रांहूनही मोठे वाटते.

पहिल्या महायुद्धात कच्च्या लोखंडाची आणि कोळशाची टंचाई झाली, तरी काम टिकले. १९२० मध्ये मर्यादित कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढले आणि १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक सुरू केले. नांगराच्या कारखान्यातून बायकांच्या हाती मासिक यावे, याचे मला मोठे नवल वाटते. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतून अभियांत्रिकी शिकून आले; त्यांच्या काळात पंप, विजेच्या मोटारी, डिझेल इंजिने असा पसारा वाढला. १९४६ मध्ये पुण्यात ऑईल इंजिनांचा कारखाना निघाला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले.

आता थोडे घरचे. आपल्या मंडळाने दोन वर्षांमागे कर्ज काढून शेवयांचे यंत्र घेतले. हातच्या शेवयांची चव त्याला नाही, असे म्हणत गिऱ्हाईक फिरकेना. गेल्या सभेत यंत्र विकून टाकावे असे ठरत आले; हात वर करणाऱ्यांत मीही होते. हे चरित्र लिहिताना मला माझीच लाज वाटली. लक्ष्मणराव नुसते वाट पाहत बसले नाहीत. ते नांगर सुधारीत राहिले आणि शेतकऱ्याची शंका दूर करीत राहिले. आपण किती घरी शेवया शिजवून चाखावयास दिल्या?

भगिनींनो, पुढच्या सभेत मी माझा हात खाली घेणार आहे. येत्या उन्हाळ्यापर्यंत गल्लोगल्ली वानगी घेऊन जाऊ. तरीही खप झाला नाही, तर हिशेब मांडून खुशाल यंत्र विकू. पण आधी पायपीट, मग निकाल!