स्वतःला नापास करणारा ब्रूस ली

मित्रांनो, सुरुवातीलाच सांगतो, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. दहावीच्या पेपरनंतर मराठीत एवढं मोठं पहिल्यांदाच लिहितोय. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका झाल्या तर मॅडमनी सांभाळून घ्यावं, आणि आमच्या विंगने हसू नये.

ब्रूस लीचं पोस्टर आमच्या हॉस्टेलमध्ये बऱ्याच रूम्समध्ये आहे. माझ्याही आहे. पण फर्स्ट इयरला दोन महिने ते मी कपाटामागे तोंड फिरवून ठेवलं होतं. झालं असं की, मी आठ वर्षं कराटे शिकलेला, ब्राऊन बेल्ट. शेजारच्या रूममधला मित्र कोल्हापूरकडचा, गावच्या तालमीत घाम गाळलेला. मेसमध्ये वाद पेटला की कराटे भारी का कुस्ती. मग काय, टेरेसवर गाद्या टाकल्या आणि अख्खी विंग बघायला हजर! मी स्टान्स घेतला, एक किक मारली. भावाने ती हवेतच धरली, पट काढला आणि मी आकाशातले तारे मोजायला मोकळा. दुसऱ्यांदाही तेच. आठ वर्षांत माझा पाय कुणी असा धरलाच नव्हता. खाली पडल्यावर काय करायचं हे मला माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

त्याच काळात लायब्ररीत ब्रूस लीचं चरित्र हाती लागलं.

ब्रूसचा जन्म 27 नोव्हेंबर 1940 चा, अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला. वडील चिनी संगीत नाटकातले नट, तेव्हा दौऱ्यावर होते. बालपण मात्र हाँगकाँगमध्ये गेलं. लहानपणापासून सिनेमात कामं आणि उरलेल्या वेळात रस्त्यावर मारामाऱ्या. किशोरवयात तो इप मान या गुरूंकडे विंग चुन ही कुंग फूची शैली शिकू लागला. 1958 मध्ये शाळांच्या बॉक्सिंग स्पर्धेत जिंकला, आणि त्याच वर्षी चा-चा डान्सची स्पर्धासुद्धा! पण मारामाऱ्या काही थांबेनात. शेवटी 1959 मध्ये घरच्यांनी थोडे पैसे हातात देऊन त्याला अमेरिकेला पाठवलं. सिएटलमध्ये तो हॉटेलात वेटरचं काम करायचा, पुढे युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये गेला आणि शिकता शिकता कुंग फू शिकवू लागला. शिष्य कोणत्या वंशाचा आहे हे तो बघत नसे. त्याचा अमेरिकेतला पहिला शिष्य जेसी ग्लोव्हर हा कृष्णवर्णीय होता. डिग्री मात्र त्याने पूर्ण केली नाही. (हा भाग कृपया घरी वाचून दाखवू नये.)

आता खरा मुद्दा. 1964 च्या अखेरीस ऑकलंडमध्ये वाँग जॅक मॅन नावाच्या कुंग फूच्या जाणकाराशी त्याची बंद दाराआड लढत झाली. ती किती मिनिटं चालली, यावर दोन्ही बाजूंची हकिकत वेगवेगळी आहे. ब्रूसच्या बाजूने सांगतात की तोच जिंकला. पण जिंकूनही तो खूश नव्हता. समोरचा पळू लागल्यावर त्याच्यामागे धावताना ब्रूसला धाप लागली होती, आणि विंग चुनचे जवळून मारायचे ठोसे तिथे पुरेसे पडले नव्हते. आपण असतो तर पार्टी दिली असती. ब्रूसने स्वतःला नापास केलं.

मग त्याने सिलॅबसच बदलला. दम वाढवायला पळणं आणि वजनं सुरू केली. मुहम्मद अलीच्या फिल्म्स पुन्हा पुन्हा पाहून पायांची हालचाल अभ्यासली. तलवारबाजीतून समोरच्याचा वार निघतानाच अडवायचं तंत्र घेतलं. जीन लेबेल या ज्यूदो चॅम्पियनकडून पकडी शिकला. 1967 मध्ये या सगळ्याला त्याने नाव दिलं, जीत कुन डो, म्हणजे येणारा ठोसा अडवणारी मूठ. तत्त्व साधं होतं. कुठल्याही शैलीतलं जे चालतं ते घ्यायचं, चालत नाही ते सोडायचं, मग ते आपल्या गुरूने शिकवलेलं का असेना.

1970 मध्ये वजन उचलताना त्याची पाठ जबर दुखावली. यापुढे किक विसरा, असं डॉक्टरांचं मत पडलं. पडून राहावं लागलं तेव्हा त्याने वह्या भरून नोट्स काढल्या, आणि उठल्यावर परत किक मारली. 1971 पासून हाँगकाँगमध्ये त्याचे सिनेमे एकामागून एक गाजले. 20 जुलै 1973 रोजी मेंदूला सूज येऊन तो गेला. वय फक्त बत्तीस. 'एंटर द ड्रॅगन' त्याच्या मृत्यूनंतर प्रदर्शित झाला. त्यातली पहिलीच फाइट नीट बघा. बोटं मोकळी असलेले ग्लोव्हज, ठोसे, किक, उचलून आपटणं आणि शेवटी हात मुरगळून धरल्यावर समोरच्याने थापटून हार मानणं. आजचं मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमए, दिसतं ना?

ज्यांना एमएमए नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. या खेळाचे तीन पेपर असतात. उभं राहून ठोसे आणि लाथा, एकमेकांना धरून पाडापाडी, आणि जमिनीवरच्या पकडी. एकात जरी कच्चे असाल तर समोरचा नेमका तोच पेपर काढतो. साधारणपणे पाच मिनिटांचे तीन राउंड, टायटलसाठी पाच. नॉकआउट झाला, कुणी थापटून हार मानली किंवा रेफरीने थांबवलं तर निकाल लागतो, नाहीतर जजेस गुण मोजतात. चावणं, डोळ्यांत बोटं घालणं, डोक्याने मारणं याला सक्त बंदी.

ब्रूस असल्या स्पर्धेत कधी उतरला नाही हेही खरं. हा खेळ ब्राझील, जपान अशा अनेक वाटांनी घडत आला. नोव्हेंबर 1993 मध्ये डेन्व्हरला पहिली यूएफसी स्पर्धा झाली, तिथे रॉइस ग्रेसी हा सडपातळ ब्राझिलियन जमिनीवरच्या पकडींच्या जोरावर सगळ्यांना भारी पडला. मग जगभरच्या ठोसेवाल्यांनी चटई गाठली. ब्रूसने जो प्रश्न एकट्याने स्वतःला विचारला होता, तो त्या रात्री सगळ्यांनाच पडला. म्हणून तर त्याला एमएमएचा जनक म्हणणारे पुष्कळ आहेत.

पुस्तक मिटलं तेव्हा मला स्वतःची लाज वाटली. ब्रूस जिंकूनही शिकायला गेला, आणि मी हरूनसुद्धा रुसून बसलो होतो. त्या रात्री मी शेजारच्या रूमचं दार वाजवलं आणि पट कसा काढतात ते शिकव म्हटलं. तो काहीच बोलला नाही, सरळ गादी उचलून टेरेसकडे निघाला. आता पहाटे तो मला शंभर बैठका मारायला लावतो आणि मी त्याला किक शिकवतो. मी अजूनही पडतो, पण पडल्यावर काय करायचं ते थोडं कळायला लागलंय.

पोस्टर परत भिंतीवर आलंय. आणि मित्रांनो, ज्या विषयात आपण पास झालोय, त्यात आपल्याला खरंच काय येतं हे एकदा स्वतःला विचारून बघा. मी विचारलं. उत्तर इथे छापण्यासारखं नाही!