गुडघा वाकेना, तरीही...

गाडी सुटायच्या बेतात आहे आणि दप्तर सांभाळत एक शाळकरी मुलगी धावतेय. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या रिव्हरडेल गावची ही बेटी रॉबिन्सन, जन्म १९११ चा. तिच्या शाळेतले जीवशास्त्राचे शिक्षक चार्ल्स प्राइस मुलांना धावण्याचं शिक्षणही देत. ही मागे राहणार असं त्यांना वाटलं होतं, पण पाहतात तो ही गाडीत हजर! शाळेत मुलींचा संघच नव्हता. मग बेटी मुलांबरोबर सराव करू लागली.

त्यानंतर काही महिन्यांतच, १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये तिनं १०० मीटर शर्यत १२.२ सेकंदांत जिंकली. वय अवघं सोळा. बायकांना ऑलिम्पिकच्या मैदानावर धावायला मिळालं ते त्याच वर्षी पहिल्यांदा. म्हणजे धावण्याच्या शर्यतीत ऑलिम्पिक सुवर्ण मिळवणारी ही पहिली स्त्री. त्याच स्पर्धेत ८०० मीटरच्या शर्यतीनंतर बायकांना हे झेपत नाही अशी ओरड झाली आणि ती शर्यत थेट १९६० पर्यंत बंद राहिली. अशा त्या काळातली ही गोष्ट आहे.

आणि मग १९३१ चा जून उजाडला. चुलतभावाच्या छोट्या विमानातून बेटी फेरफटका मारायला गेली आणि विमान कोसळलं. सापडली तेव्हा ती बेशुद्ध होती. ज्याला ती सापडली त्यानं तिला मेलेली समजून अंत्यसंस्काराचं काम करणाऱ्याकडे नेलं, असं सांगतात. जीव वाचला, पण पाय मोडला, हात मोडला. शस्त्रक्रिया झाली, चाकाची खुर्ची आली. नीट चालता यायलाच जवळजवळ दोन वर्षं लागली. १९३२ चं ऑलिम्पिक तिच्याच देशात, लॉस एंजेलिसला झालं. ती त्यात नव्हती.

माझ्या मनात राहते ती यापुढची बेटी. ती पुन्हा धावू लागली, पण पायाचा गुडघा पूर्ण वाकेना. १०० मीटरला सुरुवात करताना खाली वाकून बसावं लागतं, ते तिला जमेना. म्हणजे जिच्यामुळे नाव झालं ती शर्यत कायमची गेली. मैत्रिणींनो, त्या पोरीला काय वाटलं असेल! पण तिनं हिशेब मांडला. रिले शर्यतीत पहिलीनंतरच्या धावपटूंना उभ्यानंच निघायचं असतं. तिथे गुडघ्याची अडचण नाही. १९३६ साली बर्लिनला ती अमेरिकेच्या रिले संघात होती. तिसरा टप्पा धावून तिनं बॅटन हेलन स्टीफन्सच्या हाती दिलं. पुढे असलेल्या जर्मन मुलींचं बॅटन शेवटच्या बदलात खाली पडलं आणि अमेरिकेला सुवर्ण मिळालं. नशिबाचा भाग होताच, पण नशीब उघडलं तेव्हा बेटी मैदानावर होती, हे महत्त्वाचं.

पुढे तिनं लग्न केलं, संसार केला, दोन मुलं वाढवली, खेळाशीही नातं ठेवलं. १९९६ मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, अटलांटा ऑलिम्पिकची मशाल तिनं हाती धरली. १९९९ मध्ये ती गेली.

महिला मंडळाच्या कामानिमित्त मी घरोघरी जाते. खो-खो, कबड्डी खेळणाऱ्या मुलीचा पाय मुरगळला, गुडघा दुखावला की घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं, बस झालं आता खेळणं. पुढची काळजी लग्नाची. मुलाचा पाय मोडला तर मात्र तो बरा कधी होणार, एवढंच आपण विचारतो. खरं ना?

दुखणं अंगावर काढून पोरीनं खेळावं, असं मी मुळीच म्हणणार नाही. बेटीनंही आधी हाडं जुळू दिली, वर्षं जाऊ दिली. मुलीला चांगल्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, सांगितलेले व्यायाम चुकवू देऊ नका, शाळेतल्या क्रीडाशिक्षकांशी बोला. जुनी जागा जमत नसेल तर दुसरी कोणती जमेल, ते तिच्यासोबत बसून शोधा. आणि ती घरी पडून असताना मैदानावरच्या मैत्रिणींना येऊ द्या. प्लास्टर काही आठवड्यांनी निघतं. पण आता तुझं संपलं, असं आईच्या तोंडून एकदा ऐकलं, तर ते मुलीच्या मनातून लवकर निघत नाही.