संतशिरोमणी श्री नामदेव महाराज : पंढरीचे नाम पंजाबात नेणारे भक्तराज

सोलापूर नगरीत मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदत आल्या आहेत. येथून श्रीक्षेत्र पंढरपूर सुमारे ७५ किलोमीटरवर आहे. त्या वाटेने जाणारे भाविक आपापल्या भाषेत विठुरायाला आळवीत असतात. ज्ञानदेवांनी विठ्ठलाला कानडा म्हटले. पुरंदरदासांनी (१४८४–१५६४) आपल्या कन्नड पदांच्या अखेरीस ‘पुरंदर विठ्ठल’ ही मुद्रा घातली आणि त्यांच्या मागून आलेल्या हरिदासांनीही आपापल्या मुद्रेत विठ्ठलाचे नाव गुंफले. तमिळनाडूतील भजनी मंडळी आजही मराठी अभंग भक्तिभावाने गातात. एका देवतेची गीते अशी अनेक भाषांत कशी पोहोचली, याचा विचार करू लागले की संतशिरोमणी श्री नामदेव महाराजांचे चरित्र डोळ्यांपुढे उभे राहते. पंढरीस निघालेल्या भाविकांसाठी ते येथे थोडक्यात देत आहोत.

जन्म व बालपण

नामदेव महाराजांचा जन्म शके ११९२, कार्तिक शुद्ध एकादशी, म्हणजे इसवी सन १२७० मध्ये झाला. वडिलांचे नाव दामाशेटी व आईचे नाव गोणाई. घराणे शिंपी समाजाचे; कापड विकणे व कपडे शिवणे हा त्यांचा व्यवसाय. या घराण्याचे मूळ गाव आजच्या हिंगोली जिल्ह्यातील नरसी-बामणी होय. महाराजांचे बालपण मात्र पंढरपुरात, श्रीविठ्ठलाच्या सान्निध्यात गेले.

बालवयातील नैवेद्याची कथा सर्वश्रुत आहे. वडील परगावी गेल्यामुळे देवाला नैवेद्य दाखविण्याचे काम बाळ नामदेवाकडे आले. देव समोरचे अन्न खातच नाही हे पाहून तो व्याकुळ झाला आणि त्याने पायरीवर डोके आपटण्याची तयारी केली. तेव्हा पांडुरंगाने प्रत्यक्ष नैवेद्य ग्रहण केला, असे सांप्रदायिक चरित्रकार सांगतात. नामदेवांच्या भक्तीचा मूळ स्वभाव या कथेत दिसतो. त्यांचा देव हा विटेवर उभा असलेला, हाक मारली की बोलणारा, रुसणारा आणि जेवणारा देव होता. पंढरी सोडून तो अन्यत्र कोठे भेटेल, ही कल्पनाही त्यांना सहन होत नसे.

नामदेवांचे घर हे अभंगांचेच घर होते. पत्नी राजाई, बहीण आऊबाई, मुलगी लिंबाई, नारा, विठा, गोंदा व महादा हे पुत्र या सर्वांच्या नावावर अभंगरचना आढळते. गंगाखेडहून बालपणी या घरी आलेल्या जनाबाईंनी दळण-कांडण करीत रचलेले अभंग तर महाराष्ट्राच्या घराघरात पोहोचले.

ज्ञानदेवांचा सहवास व गुरुबोध

श्री ज्ञानदेव व नामदेव यांची भेट हा मराठी संतपरंपरेतील मंगल योग होय. ज्ञानदेवांनी त्यांना तीर्थयात्रेस बरोबर येण्याची विनंती केली, तेव्हा पंढरी सोडण्याच्या कल्पनेनेच नामदेवांना दुःख झाले. अखेर स्वतः पांडुरंगाने त्यांचा हात ज्ञानदेवांच्या हाती दिला, असे वर्णन ‘तीर्थावळी’च्या अभंगांत आहे. मारवाडच्या वाळवंटात दोघांना तहान लागली असता ज्ञानदेवांनी योगसामर्थ्याने विहिरीतील पाणी प्राशन केले, तर नामदेवांनी विठ्ठलाचा धावा करताच विहीर भरून वाहू लागली, अशी कथा सांगतात. ज्ञान व भक्ती या दोन मार्गांचे एकत्र चालणे या कथेतून सूचित होते. यात्रेहून परतल्यावर पंढरीत मोठे मावंदे झाले.

याच संतमेळ्यात नामदेवांच्या आयुष्याला वळण देणारा प्रसंग घडला. तेर येथील संत गोरोबाकाकांनी मुक्ताबाईंच्या सूचनेवरून जमलेल्या संतांची परीक्षा घेतली. कुंभार जसे थापटण्याने मडके पारखतो, तसे त्यांनी एकेकाच्या मस्तकावर थापटून पाहिले. सारे शांत राहिले. नामदेव मात्र दुखावले. हे मडके कच्चे आहे, असा निर्णय झाला. देवाशी रोज बोलणाऱ्या भक्ताला सर्वांसमक्ष कच्चे ठरविले गेले. नामदेव तडक विठ्ठलाकडे गाऱ्हाणे घेऊन गेले; परंतु देवानेही त्यांना गुरूला शरण जाण्यास सांगितले.

औंढा नागनाथ येथे विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून पहुडलेले नामदेवांना दिसले. हा अनादर पाहून ते संतापले. आपले पाय जेथे देव नाही तेथे उचलून ठेवावेत, असे विसोबांनी त्यांना सांगितले. नामदेव पाय जेथे ठेवीत, तेथे लिंग प्रकट होई. देवाशिवाय रिकामी जागाच नाही हे त्या क्षणी त्यांना उमगले. एवढे दिवस विटेवर पाहिलेले रूप आता त्यांना चराचरात दिसू लागले.

उत्तरेकडे प्रस्थान

शके १२१८ म्हणजे इसवी सन १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी आळंदी येथे संजीवन समाधी घेतली. त्यांच्या पाठोपाठ सोपानदेव, मुक्ताबाई व निवृत्तिनाथ यांचीही यात्रा संपली. या भावंडांचे चरित्र नामदेवांनी ‘आदि’, ‘तीर्थावळी’ व ‘समाधी’ या अभंग-प्रकरणांत गायिले. मराठीतील हे आद्य पद्यचरित्रांपैकी एक मानले जाते. त्याच १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवर स्वारी झाली आणि पुढे १३१८ पर्यंत यादवांचे राज्य लयास गेले. अशा अस्थिर काळात नामदेवांनी भागवत धर्माची पताका खांद्यावर घेऊन उत्तरेची वाट धरली.

आयुष्याचा बराच काळ ते पंजाबात राहिले. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान हे त्यांचे तेथील निवासस्थान. ज्याला विठ्ठल ठाऊक नाही व मराठी समजत नाही, अशा माणसासमोर कीर्तनास उभे राहताना त्यांनी तेथील लोकांची बोली स्वीकारली. देवाला त्यांनी राम, गोविंद, केशव, माधव या सर्वपरिचित नावांनी हाक मारली. आणि त्याबरोबर ‘बीठल’ हे पंढरीचे नावही त्या पदांत कायम ठेवले.

गुरू अर्जनदेवांनी १६०४ मध्ये शिखांच्या आदिग्रंथाचे संकलन केले, त्यात नामदेवांच्या ६१ पदांना स्थान मिळाले. ही पदे गुरुमुखी लिपीत असून रागांनुसार मांडलेली आहेत. मंदिरातून दूर केलेल्या नामदेवासाठी देऊळच फिरले, ही आपल्याकडे औंढा नागनाथाशी जोडली जाणारी कथाही त्यांतील एका पदात आहे. म्हणजे गुरुद्वारात जेव्हा ही पदे गायिली जातात, तेव्हा भीमातीरीच्या देवाचे नाव रावीकाठच्या प्रदेशात उमटते. राजस्थानातील दादूपंथीयांच्या ‘पंचवाणी’ संग्रहांतही नामदेवांची पदे आहेत आणि नाभादासांच्या ‘भक्तमाल’ ग्रंथात त्यांचे चरित्र गौरविले आहे. घुमान येथे त्यांच्या नावाचा गुरुद्वारा असून तेथे दरवर्षी जानेवारीच्या मध्यास मोठी यात्रा भरते. एप्रिल २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच घुमानमध्ये भरले होते. महाराष्ट्रात शासनाने १९७० मध्ये ‘श्री नामदेव गाथा’ प्रसिद्ध केली.

चोखोबांच्या अस्थी

आपल्या सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा ही संत चोखामेळा यांची भूमी. महार जातीत जन्मल्यामुळे त्यांना विठ्ठल मंदिरात प्रवेश नव्हता. ते बाहेरूनच दर्शन घेत. नामदेवांना ते गुरुस्थानी मानीत. इसवी सन १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू असता ते कोसळले आणि त्याखाली चोखोबा इतर मजुरांसह गाडले गेले. नामदेव तेथे गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी येई त्या चोखोबांच्या, या खुणेने त्यांनी त्या वेचल्या आणि पंढरपुरास आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, अशी परंपरा आहे. हयातीत चोखोबा ज्या दारापर्यंतच येऊ शकले, त्या दाराशी त्यांना कायमचे स्थान मिळाले. दार मात्र उघडले नाही. त्यांच्या समाजबांधवांना आत जाण्यासाठी आणखी सहा शतके वाट पाहावी लागली. १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा ते दार सर्वांसाठी उघडले. महाद्वाराशी उभे राहणाऱ्या भाविकाने ही गोष्टही स्मरणात ठेवावी.

नामदेव पायरी

देव सर्वत्र आहे हे जाणलेल्या, पंजाबात जिवाभावाची माणसे जोडलेल्या नामदेवांनी अखेरचा विसावा पंढरीसच घेतला. शके १२७२, आषाढ वद्य त्रयोदशीस म्हणजे इसवी सन १३५० मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांनी महाद्वारी समाधी घेतली. त्यांच्या कुटुंबीयांनीही त्यांच्यासमवेत देह ठेवला, असे सांप्रदायात मानले जाते. संतांच्या चरणांची धूळ आपल्या मस्तकी लागावी, म्हणून त्यांनी मंदिराची पायरी मागितली. देव जर सर्वत्र आहे तर वारी कशासाठी, असा प्रश्न पुष्कळ भाविकांच्या मनात येतो. त्याचे उत्तर या पायरीपाशी मिळते. नामदेवांना पंढरीस परत आणले ते देवाच्या ओढीने आणि तितकेच संतांच्या ओढीने. देव घुमानलाही होता. परंतु आषाढी-कार्तिकीस सर्व जातींची, सर्व भाषांची माणसे जेथे एकत्र येतात, ते दार पंढरीचे होते.

भाविकांना नम्र विनंती

श्रीविठ्ठल-रुक्मिणीचे दर्शन झाल्यावर महाद्वाराशी अवश्य यावे. तेथील पितळी पत्र्याने मढविलेली पायरी हीच नामदेव पायरी होय. तिच्यावर पाय न ठेवता, मस्तक टेकवून ओलांडून जाण्याची रीत आहे. समोरच चोखोबांची समाधी आहे. तिचेही दर्शन घ्यावे. आषाढ वद्य त्रयोदशीस येथे समाधी सोहळा होतो. आपल्यासोबतच्या दिंडीत कन्नड वा तेलुगू भाषक वारकरी असल्यास त्यांना त्यांच्या भाषेतील एक पद म्हणण्याचा आग्रह करावा व आपण टाळ धरावा. नामदेव महाराजांना ती सेवा निश्चित रुचेल.

॥ पुंडलीक वरदा हरि विठ्ठल ॥