ठिणगी मोजणारा शास्त्रज्ञ : हाइनरिख हर्ट्झ

मोबाइलच्या पडद्यावरील चार-पाच रेघा पाहून संकेत किती जोमाचा आहे, हे आपण ओळखतो. फोनमधील परिपथ आलेल्या लहरीचे मोजता येईल अशा व्होल्टेजमध्ये रूपांतर करतो. सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी कार्लस्रूहे येथे हेच काम तांब्याच्या तारेच्या एका कड्याने केले होते.

हाइनरिख हर्ट्झ यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी हॅम्बुर्ग येथे एका वकिलाच्या घरी झाला. अभियांत्रिकी सोडून ते भौतिकशास्त्राकडे वळले आणि १८८० मध्ये बर्लिनला हेल्महोल्ट्झ यांच्या हाताखाली डॉक्टर झाले. १८८५ मध्ये कार्लस्रूहेच्या तंत्रविद्यालयात त्यांना प्राध्यापकपद मिळाले.

विद्युत्चुंबकीय लहरी असल्या पाहिजेत, हे मॅक्सवेल यांनी गणिताने मांडले होते. प्रत्यक्ष पुरावा मात्र नव्हता. हर्ट्झ यांनी एका टोकाला ठिणग्या पाडणारे यंत्र ठेवले आणि दूर अंतरावर बारीक फट असलेले कडे धरले. लहर पोहोचली की फटीत इवलीशी ठिणगी चमके. सूक्ष्ममापी स्क्रूने फट वाढवत न्यायची. ठिणगी जास्तीत जास्त जेवढी फट ओलांडेल, तेवढा लहरीचा जोर. भिंतीवरील जस्ताच्या पत्र्यावरून लहरी परतवून त्यांनी कडे जागोजागी फिरवले. ठिणगी कुठे मोठी होई, कुठे नाहीशी होई. त्या अंतरांवरून १८८८ मध्ये त्यांना लहरलांबी मिळाली.

त्याआधी, १८८७ मध्ये, ठिणगी नीट दिसावी म्हणून त्यांनी फटीभोवती काळोखी पेटी बसवली, तर ठिणगी आखूडच झाली. मापनातला दोष म्हणून हे सोडून देणे सोपे होते. त्यांनी मात्र मूळ काम बाजूला ठेवून कारण शोधले. मुख्य ठिणगीचा अतिनील प्रकाश पेटीमुळे अडत होता. काचेतूनही तो पोहोचत नव्हता, क्वार्ट्झमधून पोहोचत होता. हाच प्रकाशविद्युत परिणाम. त्याचा उलगडा आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये केला.

१८८९ मध्ये हर्ट्झ बॉनला गेले. दीर्घ आजारानंतर १ जानेवारी १८९४ रोजी, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, ते निवर्तले. बिनतारी संदेशवहन त्यांना पाहता आले नाही. १९३० मध्ये वारंवारतेच्या एककाला त्यांचे नाव मिळाले. पुढे नाझी राजवटीत, वडिलांचे घराणे मूळचे ज्यू म्हणून, हॅम्बुर्गच्या नगरभवनातून त्यांचे चित्र उतरवले गेले. पत्नी व मुलींना इंग्लंडचा आश्रय घ्यावा लागला. एककाचे नाव मात्र टिकले. आज जगातील प्रत्येक रेडिओ केंद्राची ओळख त्याच नावाने सांगितली जाते.