खासदार राजापूरचे, आवाज देशाचा : बॅरिस्टर नाथ पै

राजापूर लोकसभा मतदारसंघ म्हटलं, तर आज विशीतला मतदार गोंधळेल. त्याला राजापूर विधानसभा माहीत आहे. लोकसभेचा राजापूर मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत नकाशावरून गेला. २००४ ची निवडणूक त्याची शेवटची. २००९ पासून मतदान होतं ते रत्नागिरी-सिंधुदुर्गसाठी. पण वेंगुर्ले, मालवण, देवगडच्या जुन्या माणसांपुढे राजापूरचं नाव काढा, दोन नावं लगेच येतात. एक मधु दंडवते आणि त्यांच्याआधीचे बॅरिस्टर नाथ पै.

वेंगुर्ल्याचा मुलगा

नाथ पै यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ चा, वेंगुर्ल्याचा. पुढे बेळगाव हे त्यांचं दुसरं घर झालं. १९४२ च्या चळवळीत ते तिथेच उतरले, पोलिसांचा मार खाल्ला, तुरुंगात गेले. स्वातंत्र्यानंतर इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले. जगभरच्या समाजवादी तरुणांच्या संघटनेचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. व्हिएन्नाच्या क्रिस्टल यांच्याशी त्यांचं लग्न झालं. परदेशात नाव झालेलं होतं, वकिली करून सुखाने राहता आलं असतं. ते परत आले आणि आपल्याच भागातून निवडणुकीला उभे राहिले.

तेव्हाचं राजापूर

१९५७ साली सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता. तो झाला १ मे १९८१ ला. तोवर हे सगळे तालुके रत्नागिरी जिल्ह्यातच होते. रेल्वे नाही, कारखाने नाहीत. घरटी एक तरी माणूस मुंबईत, गिरणीत नाहीतर कुठल्या पेढीवर. गावाकडची चूल त्याच्या मनिऑर्डरीवर पेटायची. मुंबईला जायचं तर बंदरावर बोटीची वाट बघायची, नाहीतर घाटवळणांच्या रस्त्याने हाडं खिळखिळी करून घ्यायची.

त्या वर्षी संयुक्त महाराष्ट्राची लाट होती. प्रजा समाजवादी पक्षाचे नाथ पै निवडून आले. पण १९६२ ला लाट ओसरली होती, राज्य मिळालं होतं, तरी राजापूरने पुन्हा त्यांनाच पाठवलं. १९६७ ला तिसऱ्यांदा. त्यांच्या हातात ना साखर कारखाना होता, ना सत्ता. लोक मैलोन् मैल चालत यायचे ते त्यांचं भाषण ऐकायला.

दिल्लीत

लोकसभेत हा विरोधी बाकावरचा खासदार उठला की सभागृह कान देऊन ऐकायचं. परराष्ट्र धोरण, चीनचं संकट, सरकारी नोकरांचे हक्क, अशा विषयांवर ते बोलत. गोव्याचा प्रश्न तर त्यांच्या मतदारांच्या उंबऱ्यावरचा. बांद्याच्या पलीकडे पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींवर पोर्तुगीजांच्या गोळ्या सुटल्या होत्या. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मोकळा होईपर्यंत नाथ पै यांनी तो विषय सोडला नाही.

त्यांचं सगळ्यात मोठं संसदीय काम मात्र निराळं. फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. खटला पंजाबातल्या जमीन कमाल धारणेचा. पण ज्या कोकणाने खोती जाताना पाहिली, कूळकायदा पाहिला, तिथल्या कुळांनाही तो दूरचा नव्हता. मालमत्तेचा हक्क मूलभूत म्हणून कायम अडसर राहिला, तर जमीनसुधारणांचं काय, हा प्रश्न होता.

एप्रिल १९६७ मध्ये नाथ पै यांनी खासगी विधेयक मांडलं. संसदेला घटनेचा कुठलाही भाग दुरुस्त करता यावा, असं त्यात होतं. समाजवादी चळवळीतले काही सोबतीसुद्धा विरोधात गेले. आज बहुमतवाल्यांना मालमत्तेच्या हक्काला हात लावू दिला, तर उद्या ते नागरिकांच्या स्वातंत्र्यालाही लावतील, ही त्यांची भीती. नाथ पै यांचा विश्वास लोकांनी निवडलेल्या सभागृहावर होता. विधेयक संयुक्त समितीपर्यंत गेलं, चर्चा गाजली, पण ते मंजूर झालं नाही.

१९७१ च्या २४ व्या घटनादुरुस्तीने संसदेने तो अधिकार स्पष्टपणे घेतला. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने तो मान्य केला, पण घटनेच्या मूळ चौकटीला धक्का लावता येणार नाही, अशी मर्यादाही घातली. म्हणजे नाथ पै यांचं म्हणणं टिकलं आणि त्यांच्या विरोधकांची भीतीही खोटी ठरली नाही. हे दोन्ही बघायला ते नव्हते.

शेवटचं भाषण

डिसेंबर १९७० च्या अखेरीस लोकसभा विसर्जित झाली. निवडणूक तोंडावर आली होती. नाथ पै यांचं हृदय आधीच दुखावलेलं होतं. तरी १७ जानेवारी १९७१ ला ते बेळगावात हुतात्मा दिनाला गेले. १९५६ च्या गोळीबारात गेलेल्यांचा तो दिवस. सीमाभागावर ते बोलले आणि १८ जानेवारीला त्यांची प्राणज्योत मालवली. वय अवघं ४८.

मार्चमध्ये राजापूरने मधु दंडवते यांना निवडून दिलं आणि सलग पाच वेळा दिलं. कोकणच्या रेल्वेसाठी नाथ पै दिल्लीत बोलत राहिले होते. ती गाडी पूर्ण मार्गावर धावायला १९९८ उजाडलं. बेळगावचा प्रश्न अजून सर्वोच्च न्यायालयात आहे.

मालवणात त्यांच्या नावाचं सेवांगण आहे. चिपी विमानतळाला त्यांचं नाव देण्याचा निर्णय २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने घेतला. आताचा मतदारसंघ चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत पसरला आहे आणि एका खासदाराला एवढं सगळं सांभाळायचं असतं. आता प्रचारात रस्ता, पूल, निधी यांचा हिशोब मागितला जातो आणि तो मागायलाच हवा. पण ज्या काळात याच गावांत धड रस्ता नव्हता, त्या काळात इथल्या माणसाने आपला खासदार संसदेत काय बोलला, हेही विचारलं होतं. तीन निवडणुका त्याने त्यावरच मत दिलं.