संसदेवर श्रद्धा ठेवणारा कोकणचा बॅरिस्टर

बेळगावात दरवर्षी १७ जानेवारीला हुतात्मा दिन पाळला जातो. मुंबई केंद्रशासित ठेवण्याची घोषणा झाल्यानंतर १९५६ मध्ये याच दिवशी शहरात गोळीबार झाला होता आणि त्यात संयुक्त महाराष्ट्राची मागणी करणारे आंदोलक बळी पडले होते. १९७१ च्या हुतात्मा दिनाच्या सभेला बॅ. नाथ पै आले, तेव्हा त्यांचे हृदय अधू झाले होते. सभांचा ताण त्यांना झेपणारा नव्हता, आणि लोकसभेची मुदतपूर्व निवडणूकही तोंडावर होती. तरीही ते बेळगावकरांसमोर उभे राहिले आणि बोलले. त्याच रात्री, १८ जानेवारीच्या पहाटेपूर्वी, त्यांची प्राणज्योत मालवली. वय होते अवघे ४८.

नाथ पै यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ल्यात झाला. शिक्षणासाठी ते बेळगावला आले आणि ते शहरच त्यांचे घर झाले. १९४२ च्या 'चले जाव' आंदोलनात उडी घेऊन त्यांनी तुरुंगवास भोगला. स्वातंत्र्यानंतर ते लंडनला गेले आणि लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले. वकिली मात्र त्यांनी फारशी केलीच नाही. बॅरिस्टर ही पदवी व्यवसायापेक्षा नावालाच अधिक चिकटली. कोकणात आजही त्यांचा उल्लेख या उपाधीशिवाय क्वचितच होतो.

युरोपातील वास्तव्यात त्यांना लोकशाही समाजवादाची जवळून ओळख झाली. समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे ते १९५४ ते १९६० या काळात अध्यक्ष होते. संघटनेचे कार्यालय व्हिएन्नात होते. त्यांच्या पत्नी क्रिस्टल याही ऑस्ट्रियाच्याच. लंडन आणि व्हिएन्नात रमण्याची सारी सोय असलेला हा तरुण नेता परतला तो थेट रेल्वे नसलेल्या, पावसाळ्यात बोटीही बंद होणाऱ्या किनारपट्टीवर.

संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ मध्ये प्रजा समाजवादी पक्षाचे नाथ पै राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. तो विजय लाटेचा होता, असे म्हणता येईल. १९६२ च्या विजयाबाबत तसे म्हणता येणार नाही. महाराष्ट्र राज्य झाले होते, समितीचा जोर ओसरला होता आणि राज्यातील बहुतेक सर्व जागा काँग्रेसने जिंकल्या होत्या. राजापूरने मात्र नाथ पैंनाच दिल्लीला पाठवले. १९६७ मध्ये तिसऱ्यांदा तेच घडले. घरातला कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत आणि घर त्याच्या मनीऑर्डरवर, अशी स्थिती असलेल्या या भागाने आपला प्रतिनिधी निवडताना पैसा किंवा सत्ता पाहिली नाही, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

मराठी, इंग्रजी आणि हिंदीवर त्यांचे सारखेच प्रभुत्व होते. संस्कृत वचने भाषणात सहज येत. मात्र त्यांची ओळख केवळ 'फर्डा वक्ता' एवढीच ठेवणे अन्यायाचे ठरेल. वक्तृत्वामागे कायद्याचा अभ्यास होता, आणि त्याचा कस लागला तो १९६७ मध्ये.

त्या वर्षी २७ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध पाच अशा निसटत्या बहुमताने ठरवले की, घटनेतील मूलभूत हक्कांचा संकोच करणारी दुरुस्ती संसदेला करता येणार नाही. जमीन सुधारणांपुढे मालमत्तेच्या हक्काची भिंत उभी राहील, अशी भीती समाजवाद्यांना वाटली. नाथ पैंचा आक्षेप त्याहून मूलगामी होता. जनतेने निवडलेल्या संसदेचा घटना बदलण्याचा अधिकार एका मताच्या फरकाने काढून घेता येतो काय, हा त्यांचा प्रश्न होता. नवी लोकसभा भरताच, एप्रिलमध्ये, त्यांनी हा अधिकार पूर्ववत करणारे खासगी विधेयक मांडले. लोकसभेत त्यांच्या पक्षाचे सदस्य होते अवघे तेरा.

खासगी विधेयकाच्या वाट्याला शुक्रवारचे जेमतेम अडीच तास येतात, आणि अशी बहुतेक विधेयके तिथेच विरून जातात. नाथ पैंचे विधेयक मात्र संयुक्त समितीकडे गेले आणि देशभर वादाचा विषय झाले. नानी पालखीवालांसारख्या कायदेपंडितांनी त्याला कडाडून विरोध केला. आज बहुमताच्या हाती मूलभूत हक्क दिले, तर उद्या ते कोणाच्या हाती जातील, ही विरोधकांची शंका होती. परकीय सत्तेच्या तुरुंगात राहून आलेल्या नाथ पैंना हक्कांचे मोल शिकवण्याची गरज नव्हती. पण हक्कांचा अखेरचा राखणदार न्यायासन नसून जागरूक मतदार आणि संसद आहे, अशी त्यांची धारणा होती. सत्तारूढ पक्षाची भूमिका बराच काळ दोलायमान राहिली, चर्चा लांबत गेली आणि डिसेंबर १९७० मध्ये लोकसभाच विसर्जित झाल्याने विधेयक निकालात निघाले. आठवड्यांच्या अंतराने त्याचे जनकही गेले.

पुढे जे झाले ते नाथ पैंना अर्धे बरोबर ठरवणारे आहे. नोव्हेंबर १९७१ मध्ये चोविसाव्या घटनादुरुस्तीने इंदिरा गांधी सरकारने त्यांच्याच मागणीला कायद्याचे रूप दिले. १९७३ च्या केशवानंद भारती निकालात ही दुरुस्ती टिकली, परंतु घटनेच्या मूळ चौकटीला हात लावता येणार नाही, अशी मर्यादाही न्यायालयाने घातली. १९७५ ची आणीबाणी आली तेव्हा ही मर्यादा किती मोलाची आहे हे अनेकांना उमगले. त्यांच्या पश्चात राजापूरमधून निवडून आलेले प्रा. मधु दंडवते तेव्हा तुरुंगात होते. आणीबाणी पाहून नाथ पैंनी आपले मत बदलले असते का, याचे उत्तर कोणालाच देता येणार नाही.

बेळगावच्या प्रश्नावरही त्यांची भिस्त संसदेवरच होती. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, पण बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात राहिले. लोकसभेत ते कोकणचे प्रतिनिधी होते आणि त्यांचे घर मात्र दुसऱ्या राज्यात होते. १९६७ च्या महाजन आयोगाने निपाणी, खानापूरचा भाग महाराष्ट्राला देण्याची शिफारस केली, पण बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवले. सीमाभागातील मराठी भाषकांप्रमाणे नाथ पैंनाही हा निवाडा अमान्य होता. प्रश्न सुटला नाही. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. शहराचे अधिकृत नाव २०१४ मध्ये बेळगावी झाले. हुतात्मा दिन मात्र आजही पाळला जातो.

कोकण रेल्वेसाठी नाथ पैंनी लोकसभेत धरलेला आग्रह दंडवत्यांनी पुढे नेला. दंडवते राजापूरमधून पाच वेळा निवडून आले आणि १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले. महामंडळ १९९० मध्ये स्थापन झाले आणि संपूर्ण मार्गाचे उद्घाटन २६ जानेवारी १९९८ रोजी झाले. मालवणात त्यांच्या नावाचे सेवांगण आहे. वेंगुर्ले तालुक्यातील चिपी विमानतळाला त्यांचे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये घेतला. खुद्द वेंगुर्ल्याला मात्र रेल्वे स्थानक नाही. गाडीसाठी तेथील प्रवाशांना कुडाळ किंवा सावंतवाडी गाठावी लागते.